पहिला टॅटू काढताय? आधी एवढं बघून घ्या

नागपुरात मानेवाडा रोडला आमचं औषधाचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघते. संध्याकाळी सातनंतर काउंटरवर गर्दी असते, आणि त्या गर्दीत आठवड्याला एकदोन पोरं तरी अशी येतात की बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभी राहतात. मग हळूच बाही वर करून विचारतात, "ताई, याच्यावर काय लावू?" हातावर नवा टॅटू असतो. कधी नुसता लाल झालेला, कधी त्यावर हळद थापलेली, कधी कडेने पिवळट पाणी सुटलेलं.

काय लावायचं ते मी सांगते, किंवा डॉक्टरकडे पाठवते. पण यातलं निम्मं दुखणं आधी चार गोष्टी माहीत असत्या तर टळलं असतं. माझ्या मनगटावरही एक टॅटू आहे आणि मला तो आवडतो, त्यामुळे काढू नका असं मी कुणाला म्हणणार नाही. एक मात्र धरून चाला: टॅटू ही आधी जखम असते, दागिना ती भरल्यावर होतो. खालचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

शाई कुठे जाऊन बसते

मेंदी त्वचेच्या अगदी वरच्या थरात रंगते. तो थर झिजतो, म्हणून मेंदी दोनतीन आठवड्यांत जाते. टॅटूची सुई त्या थराच्या खाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाते आणि तिथे शाई सोडते. शरीराला ती शाई म्हणजे आत घुसलेला परका पदार्थ. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी काही पेशी धावून येतात, शाईचे कण गिळतात आणि तिथेच अडकून राहतात, कारण ते कण त्यांना पचवता येत नाहीत. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवलं की अशी एक पेशी मेली की तिच्यातून सुटलेली शाई शेजारची नवी पेशी गिळते. म्हणजे तुमचा टॅटू जन्मभर एका पेशीकडून दुसरीकडे सोपवला जात असतो.

माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं, पाच ठिपके आणि एक तुळस. लहानपणी मला वाटायचं की हिरव्या शाईने काढलंय. आजी सांगायची की काजळीने गोंदलेलं, काळंकुळीत होतं. काळे कण त्वचेच्या आत खोल असले की वरच्या थरातून परतणारा उजेड निळसर-हिरवट दिसतो आणि वर्षागणिक कडाही पसरतात. तुमचाही काळा टॅटू वीस वर्षांनी असाच थोडा निळसर आणि थोडा जाड दिसेल. डिझाइन निवडताना हे डोळ्यांपुढे ठेवा.

आधी कॅलेंडर काढा

नागपूरकरांनी एप्रिल-मे टाळावा. पारा ४५ च्या आसपास असताना ताज्या जखमेवर घाम, धूळ आणि ऊन तिन्ही एकदम बसतात. दुपारी गाडीवर जाताना आपण घालतो ते सनकोट आणि घट्ट हातमोजे नव्या टॅटूवर घासले जातात आणि आत घाम साठतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात गरब्यासाठी पाठीवर टॅटू काढून घ्यायची घाई दरवर्षी दिसते. नऊ रात्री घामाघूम होऊन नाचायचं असेल तर तो किमान दीड महिना आधी काढा. होळीचंही तसंच. रंगाचं पाणी उघड्या जखमेत जाऊ देऊ नका.

लग्न, परीक्षा, पोहण्याचा क्लास, बाहेरगावचा प्रवास यातलं काही पुढच्या तीन आठवड्यांत असेल तर थांबा.

आता भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडे पहाटे मैदानावर धावणारी पोरं खूप आहेत. सैन्यात कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतच्या भागावर आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत नियम आणखी आवळलेला आहे: डाव्या हाताच्या कोपराखालची आतली बाजू, म्हणजे सलाम न करणारा हात, किंवा हाताची मागची बाजू, आणि आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी. धार्मिक चिन्हं आणि नावं चालतात, बाकी मजकुरावर आक्षेप येऊ शकतो. छाती, मान, दंड या जागा भरतीसाठी धोक्याच्या. ज्या भरतीला बसणार तिची जाहिरात आधी वाचा. दोन वर्षं धावून, लेखी परीक्षा काढून, मेडिकलला टॅटूसाठी बाहेर पडलेला एक मुलगा आमच्याच गल्लीत आहे. त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेली नाही.

रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर १२ महिने करता येत नाही. नियमित रक्तदात्यांनी आधी एक रक्तदान करून घ्यावं, मग टॅटूला जावं, आणि टॅटूची तारीख लिहून ठेवावी.

वय १८ पूर्ण नसेल तर थांबाच. चांगला आर्टिस्ट आधार कार्ड मागतो. कुणी मागत नसेल तर त्या जागेबद्दल तेवढ्यावरूनच काय ते समजा.

तब्येतीचं खरंखरं सांगा

शुगर वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते आणि लवकर चिघळते. आधी डॉक्टरांकडून आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि मनाने गोळी बंदही करू नका. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनीही त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना पुढे ढकला.

कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस असणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. या आजारांत त्वचेला जिथे इजा होते तिथेच नवा डाग उठू शकतो. सुईने काढलेल्या रेघेवरच कोडाचा पांढरा पट्टा उमटू शकतो. घरात कुणाला असेल आणि तुम्हाला एखादा लहानसा डाग असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आपली सावळी त्वचा टॅटू छान धरते, पण गोऱ्या त्वचेपेक्षा तिच्यावर केलॉइड जास्त उठतात. केलॉइड म्हणजे जखमेच्या बाहेर पसरत जाणारा जाड, खाजरा वण. कान टोचल्यावर पाळीला गाठ आली होती का? लसीच्या जागी किंवा जुन्या टाक्यांवर फुगीर वण आहे का? उत्तर हो असेल तर छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग या जागा टाळा. माझ्या मते अशांनी टॅटूचाच विचार सोडावा.

आणि सिकलसेल. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. एसएस प्रकार, म्हणजे आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचा दोष आलेल्यांना घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात, त्यामुळे पायावर टॅटू काढणं त्यांच्यासाठी खरोखर जोखमीचं आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुठेच काढू नका.

हिपॅटायटिस बीची लस घ्या. देशभरच्या नियमित लसीकरणात ती २०११ च्या सुमारास आली, म्हणजे आज टॅटूच्या वयात असलेल्या कितीतरी जणांना ती बाळपणी मिळालेलीच नाही. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. लस टॅटूसाठी नाही तरी घ्यावीच अशी आहे.

अक्षरं काढणार असाल तर

आपल्याकडे पहिला टॅटू बहुधा अक्षरांचा असतो. आई, बाबा, मुलीचं नाव, जय भीम, एखादा मंत्र. सगळ्यात जास्त पश्चात्तापही मी अक्षरांचाच बघितलाय.

माझ्या मावसभावाने डाव्या हातावर "आईबाबांचा आशीर्वाद" काढून घेतला. स्टुडिओत कॉम्प्युटरवर टाइप झालं, छापलं, त्वचेवर उमटवलं, त्याने बघून मान हलवली. घरी आल्यावर आम्ही सगळ्यांनी हात धरून बघितला, फोटो काढले. रात्री जेवताना मावशीने भाजी वाढता वाढता त्याचा हात दिव्याखाली धरला आणि तिचा हात थांबला. ती ३० वर्षं शाळेत मराठी शिकवत होती. हातावर "आर्शीवाद" होतं. रफार वा वर हवा तो एक घर मागे, शी वर येऊन बसला होता, र वा च्या आधी न राहता आ च्या मागोमाग उच्चारला जात होता. तिने काही म्हटलं नाही, ताट तसंच ठेवून ती आत गेली.

ही चूक हातानेही होते आणि मशीननेही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सोय नीट चालू केलेली नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असायची ती उजवीकडे जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. "शक्ती"चं "शक् ती" होतं. आर्टिस्ट हिंदीभाषक असेल तर त्याला "मुलगी" आणि "मुलगि"तला फरक खटकणारही नाही, आणि तो त्याचा दोष नाही. म्हणून मजकूर आधी घरीच स्वच्छ अक्षरात कागदावर लिहा, मराठी चांगलं येणाऱ्या दोन माणसांना एकमेकांच्या नकळत दाखवा, आणि त्या कागदाचा फोटो घेऊन जा. स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधीचा कच्चा छाप, त्वचेवर उमटल्यावर कागदाशी एकेक अक्षर ताडून बघा, शेवटच्या अक्षरापासून उलट दिशेने. सरळ वाचलं की डोळा चुकलेलं अक्षरही बरोबर वाचतो.

बहुतेक फॉन्टमधले ल आणि श हिंदी वळणाचे असतात. आपल्या पाटीवर गिरवलेला ल वेगळा दिसतो. आजोबांच्या पत्रातलं अक्षरच हातावर हवं असेल तर फॉन्ट वापरूच नका, पत्र स्कॅन करून न्या.

पाली किंवा संस्कृत वचन असेल तर इंटरनेटवरच्या चित्रावरून उचलू नका. "अत्त दीप भव" आपल्याकडे सगळीकडे दिसतं, पण महापरिनिब्बान सुत्तातले शब्द "अत्तदीपा विहरथ" असे आहेत. कोणतं रूप हवं ते तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा. नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे. तिथे जाऊन विचारलं तर कुणी ना कुणी सांगेल. मोडीतलं नाव हवं असेल तर तेही मोडी वाचता येणाऱ्याकडूनच लिहून घ्या, ॲपवर भरवसा ठेवू नका.

आकाराबद्दल. शाई वर्षानुवर्षं पसरते. अगदी बारीक अक्षर काढलं की ध मधली फट भरून त्याचा घ होतो, भ चा म होतो, क्ष आणि ष चे पोकळ भाग बुजतात. आर्टिस्ट म्हणाला की इतकं लहान काढू नका, तर ऐका. बोटांवर, तळहाताच्या कडेला आणि पावलावर रेघा लवकर पुसट होतात. पांढरा, पिवळा, फिका गुलाबी हे रंग आपल्या त्वचेवर महिन्याभरात दबतात. काळा टिकतो. लाल रंगाची ॲलर्जी सगळ्यात जास्त दिसते, कधीकधी काढल्यानंतर कित्येक महिन्यांनी, म्हणून लाल हवाच असेल तर आधी एक ठिपका काढून घेऊन थांबणं चांगलं.

स्टुडिओ बघायला एकदा नुसतं जा

टॅटू काढायला नव्हे, बघायला. धरमपेठ, सदर, सीताबर्डी, कुठेही. पैसे किती हे शेवटी विचारा. टॅटू काढणाऱ्याला आपल्याकडे डॉक्टरसारखी सक्तीची पदवी नसते, त्यामुळे तपासायचं काम तुमच्यावर येतं.

पहिली गोष्ट सुई. आजकाल बहुतेक ठिकाणी कार्ट्रिज असते, म्हणजे सुई आत बसवलेली नळी, एका माणसाला एक. ती बंद पाकिटात येते, पाकिटावर लॉट नंबर, एक्स्पायरी आणि निर्जंतुक केल्याची खूण असते. ते पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फुटलं पाहिजे. मी माझ्या वेळी विचारलं होतं, "भाऊ, सुई माझ्यासमोर उघडाल ना?" तो म्हणाला, "उघडूनच दाखवतो ताई, तुम्ही तारीख पण वाचून घ्या." आधी एका ठिकाणी हाच प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळालं होतं, "काहून? विश्वास नाही का आमच्यावर?" मी तिथून उठले. सुईबद्दल विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्यापुढे हात ठेवू नये.

दुसरी गोष्ट शाई. मोठ्या बाटलीतून प्लॅस्टिकच्या छोट्या टोपणांत ती काढली जाते आणि काम झाल्यावर उरलेली टोपणासकट फेकली जाते. उरलेली शाई परत बाटलीत ओतताना दिसली तर निघा. करड्या छटेसाठी काळी शाई पातळ करतात, ती कशाने करतात हे विचाराच. नळाचं पाणी चालत नाही, आरओचंही नाही, आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटरही नाही, कारण त्यातले क्षार काढलेले असले तरी ते निर्जंतुक नसतं. अशा पाण्यातून क्षयाच्या जिवाणूच्या जातकुळीतले काही जिवाणू त्वचेत जातात आणि दोनतीन आठवड्यांनी नेमके करड्या भागातच लाल पुळ्या उठतात. साध्या मलमाने त्या जात नाहीत, महिनोन्महिने गोळ्या घ्याव्या लागतात. इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी कुठल्याही औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतं.

मग आजूबाजूला बघा. मशीन आणि तिची वायर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आहे का, केस काढायचा रेझर नवा आहे का, वापरलेल्या सुया टाकायला जाड, न टोचणारा डबा आहे का. आर्टिस्टने हातमोजे घालून फोन उचलला तर परत काम सुरू करताना त्याने मोजे बदलले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते. स्टीलची ग्रिप, म्हणजे मशीनची मूठ, परत वापरणारे असतील तर दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह हवाच: १२१ अंश सेल्सियस, १५ पौंड दाब, निदान १५ मिनिटं. निळा दिवा लागलेली यूव्ही पेटी बघून समाधान मानू नका, तिच्याने स्टील निर्जंतुक होत नाही. डेटॉलने पुसल्यानेही होत नाही.

काम बघायला मागाल तेव्हा भरून झालेल्या, सहा महिने जुन्या टॅटूंचे फोटो मागा. ताजा टॅटू सगळ्यांचाच काळाभोर दिसतो. पैशांचं बोलताना टचअप, म्हणजे भरल्यावर पुसट राहिलेल्या जागा परत भरून देणं, त्यात धरलाय का ते विचारा.

जत्रेतल्या गोंदणाविषयी मला थोडं सांभाळूनच, पण स्पष्ट सांगायचंय. रामटेकच्या जत्रेत, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत रस्त्याकडेला बॅटरीवरचं छोटं मशीन घेऊन गोंदवणारे बसतात. तिथे हात पुढे करणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, आणि त्या दिवसाची खूण अंगावर हवी हे मला कळतं. पण समोर रांग आहे, शाईची वाटी एक आहे, आणि सुई दर माणसाला बदललेली दिसत नाही, तर तिथे बसू नका. तेच चिन्ह आठ दिवसांनी स्वच्छ जागी काढता येतं. आणि कधी कळलंच की तुम्हाला वापरलेली सुई लागली, तर लाजून घरी बसू नका. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत लगेच जा आणि आहे ते सांगा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं.

मुलांसाठी एक ओळ: मेंदीच्या नावाखाली मिळणारा काळा "टेम्पररी टॅटू" लावू देऊ नका. त्यात बहुधा केस रंगवायच्या डायमधलं रसायन असतं, त्याने फोड येतात आणि जन्मभराची ॲलर्जी मागे राहू शकते.

त्या दिवशी

जेवून जा. नुसते तर्री पोहे खाऊन तीन तास बसू नका, वरण-भात-पोळी असं पोटाला आधार देणारं खा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. रिकाम्या पोटी चक्कर येते. आदल्या दिवशी दारू नको, आणि डोकं दुखलं तर ॲस्पिरिन नको, दोन्हींनी रक्त जास्त येतं. सुती, सैल कपडे घाला.

दुखतं. फासळ्या, घोटा, मनगटाची आतली बाजू इथे जास्त. दंडाच्या बाहेरच्या बाजूला कमी. बधिर करणारं क्रीम लावायचं तर लहान जागेवर आणि आर्टिस्टला सांगून लावा. अख्ख्या पाठीला थापून वर प्लॅस्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे, ते औषध रक्तात उतरून श्वास आणि हृदयावर परिणाम करू शकतं.

स्टेन्सिल लावल्यावर उभे राहा, हात नैसर्गिक सोडा, मग आरशात बघा. टेबलावर हात वळवून ठेवलेला असताना सरळ दिसणारी रेघ उभं राहिल्यावर वाकडी दिसते. अक्षरं मात्र आरशात वाचू नका, दुसऱ्याच्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून वाचा. जागा पटली नाही तर पुसून परत लावायला सांगा. दहा मिनिटं जास्त जातील.

पहिले दोन आठवडे

आर्टिस्टने त्वचेसारखी चिकटणारी पारदर्शक फिल्म लावली असेल तर तो सांगेल तितके दिवस ठेवा. आत पाणी साठून कडा सुटली तर लगेच काढा. साधं स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक असेल तर काही तासांतच काढा.

मग साबणाने हात धुवा आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने, कोमट पाण्याने, नुसत्या तळव्याने टॅटू धुवा. स्पंज नको, घासणी नको. घरातल्या टॉवेलने पुसू नका, स्वच्छ टिश्यूने टिपून घ्या. पाच मिनिटं हवेवर सुकू द्या. आर्टिस्टने सांगितलेलं बिनवासाचं मलम अगदी पातळ लावा, दिवसातून दोनतीन वेळा. त्वचा चमकेल इतकंच. जाड थर लावला की आपल्या हवेत घाम अडकतो आणि बारीक पुरळ उठतं.

पहिले दोनतीन दिवस लाली, ऊब, शाई मिसळलेलं पातळ पाणी येणं हे अपेक्षितच आहे. चादर रोज बदला, जुनी घाला, डाग पडतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात आणि खाज येते. खाजवू नका, खपली ओढू नका. ओढलेल्या खपलीबरोबर शाई निघते आणि तिथे कायमचा पांढरट ठिपका राहतो. खाज असह्य झाली तर स्वच्छ हाताने वरून थोपटा. पोहणं, तलाव, टबात बसणं तीन आठवडे बंद. ऊन लागू देऊ नका. सनस्क्रीन मात्र त्वचा पूर्ण भरल्यावरच लावा, आणि नंतर कायम लावा, उन्हानेच टॅटू सगळ्यात जास्त फिका पडतो.

आता काउंटरवरचं माझं रोजचं भांडण. हळद जखमेवर थापू नका, घरातली हळद निर्जंतुक नसते आणि टॅटू पिवळा पडलाय की पू झालाय हे कळेनासं होतं. खोबरेल तेल पहिल्या आठवड्यात नको. आणि खाजेसाठी घरात पडलेली ट्यूब तर अजिबात नको. नायट्यावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने लाली दोन दिवसांत जाते आणि बरं वाटतं, पण जखम भरणं मंदावतं, आत जंतू वाढत राहतात, त्वचा पातळ होते. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. तुमचा दुकानदार देत असेल तरी घेऊ नका.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, लाली टॅटूच्या बाहेर पसरत असेल, पू येत असेल, जखमेपासून वर लाल रेघ जात असेल किंवा ताप आला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. महिन्यांनंतर एखाद्या रंगाच्या भागात गाठी किंवा खाज सुरू झाली तर त्वचारोगतज्ज्ञ. एमआरआय करायची वेळ आली तर टॅटू आहे हे तंत्रज्ञाला आधीच सांगा, काही शायांमध्ये लोहाचे कण असतात आणि क्वचित तिथे चटका बसल्यासारखं होतं.

काढून टाकायचा झाला तर

लेझरने जातो, पण सावकाश आणि टॅटूपेक्षा जास्त पैशांत. लेझरचा झोत शाईचे कण फोडतो आणि शरीर ते तुकडे हळूहळू वाहून नेतं, म्हणून दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. काळा रंग सगळ्यात बरा जातो. हिरवा आणि निळा हटवादी असतात. सावळ्या त्वचेवर अनुभवी त्वचारोगतज्ज्ञच हवा, नाहीतर टॅटू जाऊन त्या जागी पांढरा किंवा काळा डाग राहतो. त्यावर दुसरा टॅटू काढून झाकायचा असेल तर नवा टॅटू जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठा आणि जास्त गडद होतो.

मावसभावाने झाकून घेतला नाही. मावशीच्या अक्षरात तो शब्द नव्याने लिहून घेऊन त्याच जागी काढायचं त्याने ठरवलंय, म्हणून आधी लेझर चालू आहे. आतापर्यंत पाच बैठका झाल्या. बाकीची अक्षरं राखाडी होऊन विरत चाललीयेत, तो चुकलेला रफार मात्र अजून स्पष्ट वाचता येतो. मावशीने लिहून दिलेला कागद त्याच्या पाकिटात घडी करून ठेवलेला आहे.